हायब्रिडच्या ७०० बाय ३८ च्या जागी बारीक टायर टाकायचाय? आधी रिमवरचा आकडा वाचा

प्रश्न असा आलाय की हायब्रिड सायकल आहे, कंपनीकडून ७०० बाय ३८ चे टायर आलेत, पुढच्या महिन्यात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायचीय आणि त्यासाठी २५ चे बारीक टायर टाकायचेत. दुकानदार म्हणतो ७०० च्या रिमला ७०० चा कुठलाही टायर बसतो, मित्र म्हणतो रिम बदलावी लागेल नाहीतर टायर निसटेल. खरं काय?

दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. माझं उत्तर आधी सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल: ३२ चे टाका, फारच हौस असेल तर २८, पण २५ नको. रिम बदलायला पैसे घालवू नका, त्या पैशात चांगले टायर घ्या. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

पहिलं काम म्हणजे सायकल उभी करायची, मोबाइलची टॉर्च लावायची आणि टायरच्या बाजूवर बारीक उठावाच्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं. ७०० बाय ३८ असं मोठ्या अक्षरात असेलच, पण त्याच्या आसपास ३८-६२२ असाही आकडा सापडेल. खरा कामाचा आकडा तो. पहिला ३८ म्हणजे हवा भरल्यावर टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा ६२२ म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. याला ईटीआरटीओ साइझ म्हणतात आणि त्यात घोळ व्हायला जागाच नाही. दुसरा आकडा रिमशी तंतोतंत जुळलाच पाहिजे, तिथे एक मिलिमीटरचीही सूट नाही. पहिल्या आकड्यात मात्र बरीच मोकळीक असते आणि तुमचा सगळा प्रश्न त्या मोकळिकीचा आहे.

इंचाच्या आकड्यांवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका, यावरून दुकानात रोज भांडणं होतात. ७०० सी, २९ इंची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक आणि परदेशी ब्रँडवाले ज्याला २८ इंच म्हणतात ते, हे तिन्ही ६२२ च. पण आपल्या आजोबांची काळी २८ इंची, दूधवाल्याची असते ती, तिचा टायर २८ बाय १ १/२ असतो आणि तो ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक. तो टायर तुमच्या रिमवर अगदी सहज चढेल, हाताने चढेल, आणि हवा भरताना तितक्याच सहज फटकन बाहेर येईल. जुन्या गिअरच्या सायकलींचा २७ बाय १ १/४ तर ६३०, तो आणखी फसवा कारण फरक फक्त आठ मिलिमीटरचा. २६ मध्ये तर विचारूच नका, एमटीबीचा २६ बाय १.९५ म्हणजे ५५९ आणि जुन्या स्पोर्ट्स मॉडेलांचा २६ बाय १ ३/८ म्हणजे ५९०. गंमत म्हणजे २६ बाय १.७५ आणि २६ बाय १ ३/४ हे गणितात एकच असले तरी टायर म्हणून वेगळे, पहिला ५५९ दुसरा ५७१. तेव्हा ऑनलाइन मागवताना वर्णनात ६२२ लिहिलेलं दिसत नसेल तर ती ऑर्डर टाकूच नका.

आता रिम. रिमवर एकतर स्टिकर असतो नाहीतर कोरलेलं असतं, ६२२ x १९ असं काहीतरी, कधी पुढे सी लावलेला. इथे १९ म्हणजे रिमची आतली रुंदी, दोन्ही ओठांच्या मधली, जिथे टायरच्या कडा बसतात ती. बाहेरून मोजलेली रुंदी नव्हे, ही गल्लत फार जण करतात, व्हर्निअरने बाहेरून मोजतात, २४ येतं आणि मग तक्त्यात २४ शोधत बसतात. साध्या अ‍ॅलॉय रिममध्ये दोन्ही बाजूंच्या भिंती धरून पाचेक मिलिमीटर जातात, म्हणजे बाहेरून २४ तर आत साधारण १९. अंदाज घ्यायला ठीक आहे, पण आकडा कुठेच दिसत नसेल तर टायर काढून आतून मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. आपल्याकडच्या हायब्रिडना बहुतेक वेळा १७ ते १९ ची रिम असते, काहींना त्याहून रुंद, तेव्हा तुमची १९ ची धरून चालतोय.

टायर कंपन्या जो तक्ता छापतात त्यात जुन्या हिशोबाने १३ च्या रिमला १८ ते २५ चे टायर, १५ ला २३ ते ३२, १७ ला २५ पासून पुढे आणि १९ ला २८ पासून ते पार ६२ पर्यंत. वरचा आकडा बघून दचकू नका, बसतो म्हणजे छान चालतो असं नाही. माझा स्वतःचा ठोकताळा असा की आतल्या रुंदीला दीडने गुणा आणि दोनने गुणा, त्यांच्या मधला टायर त्या रिमवर सुखाने राहतो. १९ चं दीडपट २८.५ आणि दुप्पट ३८. बघा, तुमची कंपनीने दिलेली ३८ वरच्या टोकाला आहे आणि २८ खालच्या टोकाला. मध्ये ३२.

मग २५ चं काय, निसटेल का? नाही, लगेच निसटणार नाही, मित्राने उगाच घाबरवलंय. हल्लीच्या रोड बाइकना १९-२१ आतल्या रुंदीच्या रिम येतात आणि त्यावर कंपनीच २५ किंवा २८ बसवून देते, जुना तक्ता त्यासाठी बदललाही गेला. पण त्या रिमचा घाट वेगळा, टायर तसल्या रुंद रिमसाठी बनवलेले आणि ती सायकल चालवणारा खड्डा दिसला की हँडल उचलून उडी मारणारा. हायब्रिडवर सरळ बसून, मागे कॅरिअरला बॅग लावून, रात्री हेडलाइटच्या उजेडात जाणाऱ्याला ते जमत नाही.

रिमच्या मानाने टायर बारीक झाला की नेमकं काय होतं ते एकदा जवळून बघण्यासारखं असतं. माझ्याकडे एकाने २९ ची एमटीबी आणली होती, आतली रुंदी २५, आणि स्पीड वाढावा म्हणून त्यावर २८ चे टायर चढवलेले. समोरून पाहिलं तर टायर गोल नव्हताच, बाजू जवळजवळ सरळ उभ्या राहिलेल्या आणि वरचा भाग सपाट, चौकोनी. रिमची कड टायरच्या इतकी बाहेर आलेली की फुटपाथला घासल्याचे ओरखडे रिमवर होते, टायरवर नव्हते. ट्यूब काढली तर दोन शेजारी शेजारी भोकं, साप चावल्यासारखी. म्हणजे खड्ड्यात टायर पूर्ण दबला आणि ट्यूब रिमच्या दोन ओठांत चिमटली गेली. ते टाळायला तो हवा वाढवत नेत होता, हवा वाढवली की सायकल दगडासारखी उडायची, मग मनगटं दुखायची. शेवटी ४० चे टायर टाकले आणि म्हणाला आधीपेक्षा जोरात चालतेय.

उलट बाजूचा त्रास वेगळा. अरुंद रिमवर जाडा टायर म्हणजे लहान चुंबळीवर मोठा माठ, सरळ आहे तोवर ठीक, वळलं की डुगडुगतो. वळणावर रिम एकीकडे आणि टायरचा वरचा भाग दुसरीकडे जातो, हवा कमी असेल तर हे स्पष्ट जाणवतं, मागचं चाक हब सैल झाल्यासारखं वाटतं. अनेक जण त्यासाठी बेअरिंग तपासून घेतात, चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढून घेतात आणि दोष राहतो तिथेच. जुन्या रोड बाइकच्या १५ च्या रिमवर ३५-३८ चढवून खेडोपाडी फिरायची ज्यांची इच्छा असते त्यांच्यासाठी हे सांगतोय, तिथे ३२ च्या वर जाऊ नका आणि तेवढा फ्रेममध्ये मावतोय का तेही आधी बघा.

आणखी एक भाग आहे जो दुकानात कुणी सांगत नाही, तो हवेचा. रिमच्या भिंतीला टायर बाहेर किती जोराने ढकलतो हे नुसत्या प्रेशरवर ठरत नाही, प्रेशर गुणिले टायरची रुंदी असं ते असतं. २५ च्या टायरमध्ये १०० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरलं तर गुणाकार २५००. ३८ मध्ये ६० भरलं तर २२८०, म्हणजे जवळपास तेवढाच. पण ३८ मध्ये कुणी हौसेने १०० भरलं तर ३८००, दीडपटीहून जास्त. म्हणून जाड टायरला प्रेशरची मर्यादा कमी छापलेली असते आणि म्हणूनच पेट्रोल पंपावर मोटारसायकलच्या नळीने सायकलमध्ये हवा भरायची सवय सोडा. ज्यांच्या सायकलला रिम ब्रेक आहेत, व्ही ब्रेक म्हणा किंवा कॅलिपर, त्यांची रिमची भिंत ब्रेक शूने वर्षानुवर्षं घासून पातळ होत असते. पावसाळ्यात चिखल आणि वाळू ब्रेक शूमध्ये अडकते आणि सँडपेपरसारखं काम करते. बऱ्याच रिमवर भिंतीत एक बारीक खाच किंवा छोटे खड्डे दिलेले असतात, ते बुजून गुळगुळीत झाले की रिम संपली, मग टायर २५ चा टाका की ३८ चा, ती फाटणारच.

आता फ्रेम. तुम्ही जाडाकडून बारीककडे जाताय म्हणून जागेचा प्रश्न नाही, उलट मडगार्ड लावायला जागा मिळेल. पण हे वाचणाऱ्यांपैकी अर्ध्यांना उलटं करायचं असणार, म्हणून सांगतो: टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना आणि वर किमान चार-पाच मिलिमीटर सुटलेच पाहिजेत, ताम्हिणीत पावसात जाणार असाल तर आणखी. चाकाची एखादी तार तुटली की चाक लगेच आउट होतं आणि टायर फ्रेमला घासायला लागतो, तेव्हा तेवढीच जागा घरी पोचवते. आणि टायरवर ३२ छापलंय म्हणून ३२ च भरेल असं समजू नका, रिम आतून एक मिलिमीटर रुंद झाली की टायर साधारण ०.४ मिलिमीटरने रुंदावतो, म्हणजे १५ च्या रिमवर जो ३२ भरेल तो २१ च्या रिमवर ३४ च्या पुढे जाईल. हवा भरून एक दिवस ठेवा, टायर ताणून बसू दे, मग मोजा.

२०० च्या बीआरएमला वेळ असतो साडेतेरा तास. भागाकार करून बघा, ताशी पंधरा किलोमीटरलाही किंचित कमी, त्यात चहा, वडापाव, कंट्रोलवर म्हणजे वाटेतल्या तपासणी ठिकाणी शिक्का सगळं आलं. ३०० ला वीस तास, म्हणजे तोच वेग. हा वेग टायरच्या सहा-सात मिलिमीटरने ठरत नाही, तो तुम्ही किती वेळ थांबता आणि किती वेळा पंक्चर काढत बसता त्यावर ठरतो. बारीक टायर म्हणजे जोरात हा समज तेवीसच्या टायरात १२० पीएसआय भरायच्या काळातला, त्यावेळी रेसवालेही तसंच करायचे, आता टूर द फ्रान्समधलेही २८ च्या आसपास आणि त्याच्या पुढे गेलेत. त्यामागे कारण आहे, एकाच प्रेशरला जाडा टायर रस्त्यावर रुंद पण आखूड टेकतो, त्यामुळे त्याची बाजू कमी दबते आणि कमी ताकद वाया जाते. शिवाय खडबडीत रस्त्यावर फार कडक टायर तुम्हालाच वर खाली उचलत राहतो, ती ताकद पायांतूनच जाते. आपले रस्ते तर तुम्ही बघताच, घाटातले रम्बलर, पुलांचे जॉइंट, सिमेंट रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधली फट, जिच्यात २३-२५ चा टायर बरोब्बर उतरतो आणि माणूस आडवा होतो.

तरीही बदल जाणवणार हे कबूल, कारण कंपनीचा ३८ चा टायर बहुतेक वेळा जड, जाड रबराचा आणि स्वस्त असतो. खरा फरक रुंदीपेक्षा टायर कसला आहे त्याने पडतो. मऊ बाजूंचा चांगला ३२ चा टायर हा तारेच्या कडेच्या जाड २५ पेक्षा हलका चालेल. पंक्चरची धास्ती असणाऱ्यांना आतून जाड पट्टा असलेले श्वाल्बे मॅरेथॉनसारखे टायर आवडतात, दणकट असतात पण जड आणि थोडे सुस्त, माझ्या मते रोज ऑफिसला जाणाऱ्यासाठी उत्तम, बीआरएमसाठी त्याहून जरा हलकं काहीतरी बघा. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात, आपल्याकडची निम्मी पंक्चर त्यांची, त्या कुठल्याही टायरात शिरतात, तेव्हा जवळ एक छोटा चिमटा ठेवा. पंक्चर काढताना बोटाने टायर आतून चाचपला तरी ती तार लागत नाही, कापूस किंवा फडकं फिरवलं की अडकते.

टायर बदलताना त्याच्याबरोबर दोन गोष्टी बदलायच्या असतात आणि त्या विसरल्या जातात. एक ट्यूब. ३८ साठीची ट्यूब ३५-४३ छापलेली असते, ती २८ मध्ये कोंबली की आत घडी पडते आणि घडीवरच फाटते. ३२ ला २८-३२ लिहिलेली घ्या. आणि व्हॉल्व्ह बघून घ्या, तुमच्या रिमला मोटारसायकलसारखा जाड श्रेडर व्हॉल्व्हचं भोक असेल आणि तुम्ही बारीक प्रेस्टाची ट्यूब आणली तर भोकात ती हलत राहते आणि मुळाशी कापली जाते, त्यासाठी छोटी रिंग मिळते ती लावा किंवा आहे त्याच व्हॉल्व्हची ट्यूब घ्या.

दुसरी रिम टेप, आणि हिच्यासाठी मी भांडायला तयार आहे. स्वस्त हायब्रिडमध्ये तारांच्या भोकांवर रबराची पातळ पट्टी असते. ३८ मध्ये ५० पीएसआय असतं तोवर ती निभावते. बारीक टायर टाकला, हवा ८०-९० वर गेली की ट्यूब ती पट्टी बाजूला सारते, तारेच्या भोकात फुगते आणि फुटते. कधी हे रस्त्यात होत नाही, सायकल उन्हात उभी असताना धाडकन होतं आणि लोक म्हणतात उन्हाने फुटली. ओळखायचं सोपं आहे, भोक ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला असेल तर रस्त्यावरचं काहीतरी, आतल्या बाजूला, हबकडच्या, असेल तर टेप. कापडी रिम टेप घ्या, भोकं दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकतील पण टायरच्या कडा बसतात तिथे चढणार नाही एवढ्या रुंदीची, १९ च्या रिमला १६-१७ ची बरोबर बसते.

हवा किती? तुमचं वजन ७५ च्या आसपास आणि सायकल अकरा-बारा किलो धरून ३२ ला मागे ६० ते ६५, पुढे ५० ते ५५ पासून सुरू करा. २८ घेतलेत तर मागे ७०-७५, पुढे दहाने कमी. पुढे नेहमीच कमी ठेवायची कारण वजन मागच्या चाकावर जास्त असतं, आपल्याकडे दोन्हीकडे सारखी ठोकून भरायची पद्धत आहे ती सोडा. बाजूवर छापलेला मोठा आकडा ही मर्यादा आहे, तो काही सल्ला नाही. आणि अंगठ्याने दाबून बघणं बंद करा, गेज असलेला उभा पंप घ्या, सायकलवर केलेला याहून चांगला खर्च मला माहीत नाही.

मीटर असेल तर त्याचं सेटिंगही बदला, नाहीतर तो जास्त अंतर दाखवेल. ३८ च्या चाकाचा घेर साधारण २१८० मिलिमीटर, ३२ चा २१५५, २८ चा २१३६. जुनंच सेटिंग ठेवून २८ वर २०० किलोमीटर गेलात तर मीटर २०४ दाखवेल, आणि बीआरएमच्या रूट शीटवर अमुक किलोमीटरला डावीकडे वळा असं लिहिलेलं असतं तिथे हे चार किलोमीटर भलत्या गावात नेऊन सोडतात. जीपीएसवाल्यांना ही कटकट नाही.

हुकलेस रिमबद्दल एकच गोष्ट, कारण कुणीतरी विचारणारच. ज्या रिमच्या ओठाला टायरची कड पकडणारा आत वळलेला हुक नसतो, सरळ भिंत असते, त्यांच्यावर ही सगळी मोकळीक चालत नाही. तिथे रोडसाठी कमाल ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआय, आणि रिम कंपनीच्या यादीत असलेलाच टायर. २५ आतल्या रुंदीच्या हुकलेसला आता किमान २९ चा टायर सांगतात. २०२४ च्या यूएई टूर या शर्यतीत व्यावसायिक सायकलपटू थॉमस डी गेंटचा टायर रिमवरून सुटला तेव्हा तो २८ चा होता आणि रिम २५ ची, कारणावरून बराच वाद झाला पण एक मिलिमीटरही तिथे चर्चेचा विषय होतो एवढं कळलं. तुमच्या हायब्रिडला हुकलेस असायची शक्यता जवळजवळ नाहीच.

टायर बीआरएमच्या आदल्या दिवशी बदलू नका, दोन आठवडे आधी बदला आणि एक बऱ्यापैकी लांब राइड, घाटाच्या उतारासकट, करून घ्या. चढवताना टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत दाबत या आणि व्हॉल्व्हपाशी शेवट करा, म्हणजे लिव्हर न लावता हातानेच बसेल. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा, थोडी हवा भरा आणि टायरच्या बाजूला जी बारीक रेष असते ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून बघा, कुठे बुडालेली दिसली तर हवा सोडून तिथे हाताने सारखं करा.

आणि टायर मागवण्याआधी तो रिमवरचा आकडा खरंच वाचा, कारण हे सगळं मी १९ धरून लिहिलंय. १७ निघाला तर २८ आणि ३२ दोन्ही मजेत चालतील, डोळे झाकून घ्या. २३ किंवा २५ निघाला, हल्लीच्या जाड टायरच्या हायब्रिडना निघतो कधीकधी, तर ३५ च्या खाली जाऊ नका, तिथे चांगल्या प्रतीचा ३५ किंवा आहे तोच ३८ थोडी हवा वाढवून चालवा.